गप्प बसणाऱ्या मित्रांसाठी

अत्याचाराची बातमी आली की कट्ट्यावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ती एवढ्या रात्री तिथे कशाला गेली होती?’ जो चुकतो तोच भोगतो, असे मानले की आपल्या घरच्या लेकीबाळी सुरक्षित वाटतात. मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी मनाची ही पळवाट अभ्यासली. स्त्री-पुरुषांविषयी साचेबंद कल्पना बाळगणाऱ्यांना आणि नात्यातली हिंसा चालवून घेणाऱ्यांना बलात्काराबद्दलचे गैरसमज अधिक पटतात, असे संशोधक मार्था बर्ट यांनी १९८० मध्ये दाखवले.

हे गैरसमज न्यायासनापर्यंतही पोहोचतात. १९७२ मध्ये महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, याला महत्त्व देत १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन पोलिसांना सोडले. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला.

कायदा बदलला, तरी मुलग्यांची मने मात्र मित्रांच्या टोळक्यात घडतात. एकजण घाणेरडा शेरा मारतो, बाकीचे गप्प राहतात आणि प्रत्येकाला वाटते की इतरांना हे मान्यच आहे. म्हणून शाळा-महाविद्यालयांत मुलग्यांशी संमतीविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. ‘हे चालणार नाही’ असे तिथल्या तिथे बजावणाऱ्या पहिल्या मुलाच्या पाठीशी शिक्षक आणि पालकांनी उभे राहिले पाहिजे.