चला, करून पाहू! : बिनपाकाचा तिळगूळ



जानेवारी महिना आला, की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत हजेरीच्या वेळी एक उत्तर पुन्हा पुन्हा ऐकू येतं. बाई नाव घेतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "बाई, तो कारखान्याला गेलाय!"

कारखान्याला म्हणजे ऊसतोडीला. पाटोदा, आष्टी, शिरूर, वडवणी, धारूर, केज इकडच्या मुलांना हे सांगायला नको. पण पुण्या-मुंबईच्या दोस्तांसाठी सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला या भागातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. परत येतात ती पाडव्याच्या आसपास. काही मुलं आईबापांबरोबर जातात आणि फडाजवळच्या कोपीत राहतात. काही गावातच हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी थांबतात.

आणि संक्रांत येते ती नेमकी या सगळ्याच्या मध्ये! कारखाना सणासाठी थांबत नाही, म्हणून आई घरी येऊ शकत नाही. घरात मोठं माणूस म्हणजे एकटी आजी. तिचे गुडघे दुखतात, चुलीपुढे फार वेळ बसवत नाही. मग यंदा तिळगूळ करायचा कुणी?

आपण! तोसुद्धा पाक न करता.

पाक का नको, ते आधी ऐका. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. लाडवाचा पक्का पाक त्याहून बराच जास्त, १२० अंशांच्या पुढे तापतो. शिवाय तो चिकट असतो. पाणी अंगावर सांडलं तर ओघळून तरी जातं, पाक मात्र कातडीला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. म्हणून पाकाचं काम मोठ्यांचं. आपला लाडू कुटून करायचा.

साहित्य (२५ छोट्या लाडवांसाठी)

बिनपॉलिशचे तीळ २०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, साधा मऊ गूळ १७५ ग्रॅम (चिक्कीचा गूळ नको, तो फार कडक असतो), सुक्या खोबऱ्याचा कीस २५ ग्रॅम, सुंठपूड १ लहान चमचा, ४-५ वेलदोड्यांची पूड, किसलेलं जायफळ चिमूटभर आणि हाताला लावायला थोडं तूप.

जायफळ चिमूटभर म्हणजे चिमूटभरच हं! ते जास्त झालं तर चव बिघडते आणि पोटही.

कृती

१. तीळ निवडून घ्या. तीळ आणि शेंगदाणे वेगवेगळे, मंद आचेवर भाजायचे आहेत. चुलीपाशी एवढंच काम आहे आणि ते आजीनं किंवा घरातल्या मोठ्या माणसानं करायचं. तीळ तडतडले आणि खमंग वास सुटला, की लगेच उतरवा. करपलेला तीळ कडू लागतो. शेवटी त्याच तव्यावर खोबरंही जरासं गरम करून घ्या.

२. शेंगदाणे गार झाले, की चोळून सालं काढा आणि पाखडा. (हे काम धाकट्या भावंडांना द्या, त्यांना फार आवडतं!)

३. मूठभर तीळ बाजूला ठेवा. बाकीचे कोमट असतानाच खलबत्त्यात जाडसर कुटा. शेंगदाणेही कुटा. मिक्सर असेल तर फिरवा-थांबा, फिरवा-थांबा असं करा, नाहीतर लगदा होईल. खलबत्ता नसेल तर जाड कापडी पिशवीत घालून वरून वरवंट्यानं ठेचा.

४. गूळ किसून किंवा बारीक चिरून घ्या. थंडीनं कडक झाला असेल तर झाकून तासभर उन्हात ठेवा.

५. आता सगळं परातीत एकत्र करा. सुंठ, वेलदोडा, जायफळ घाला आणि तळव्यानं चांगलं मळा. गुळाची एकही गुठळी राहता कामा नये. शेवटी बाजूला ठेवलेले तीळ मिसळा.

६. हाताला तुपाचं बोट लावून लिंबापेक्षा जरा लहान लाडू वळा. लाडू फुटतोय? मग मिश्रण आणखी थोडं कुटा. तरीही जमलं नाही तर चमचाभर पातळ तूप घाला. पाणी किंवा दूध मात्र अजिबात घालू नका, त्यानं लाडू लवकर खराब होतात.

पाक नाही, तर मग लाडू वळला कसा? तिळाच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं. कुटल्यावर दाणा फुटतो आणि तेल बाहेर येतं. गूळ मुळातच थोडा ओलसर आणि चिकट असतो. हे दोन्ही मिळून कोरड्या कणांना धरून ठेवतात. अख्खे तीळ नुसत्या गुळात कालवून बघा, लाडू वळणारच नाही.

सुंठ आणि जायफळ फक्त आपल्याच सणात असतात असं समजू नका बरं का. युरोपात नाताळ येतो तोही थंडीतच. तिकडं तेव्हा सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ घालून खास बिस्किटं करतात. यातलं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. एका छोट्याशा फळाच्या बीनं केवढा प्रवास केलाय पाहा!

आता खरं खरं सांगू का? "गूळ पौष्टिक असतो, कितीही खा," असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नका. गुळात थोडे क्षार असतात, पण तोही बहुतांशी साखरच. साखर, गूळ, मध असं वरून घातलेलं सगळं गोड मिळून दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं. चला, हिशोब करू. समजा, तुम्ही दिवसाला १६०० कॅलरी खाता. त्याच्या १० टक्के म्हणजे १६०. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, म्हणून १६० भागिले ४, म्हणजे ४० ग्रॅम. आपल्या २५ लाडवांत १७५ ग्रॅम गूळ आहे, म्हणजे एका लाडवात ७ ग्रॅम. दोन लाडू खाल्ले की १४ ग्रॅम झाले. चहातली साखर अजून मोजायचीय! म्हणून दिवसाला दोन लाडू पुरे.

या लाडवातला खरा पौष्टिक भाग म्हणजे तीळ आणि शेंगदाणे. दोन्हींत प्रथिनं भरपूर. तिळात कॅल्शियम आणि लोहही असतं. कॅल्शियम बरंचसं सालीत असतं, म्हणून तर बिनपॉलिशचे तीळ घ्यायचे. लाडवाबरोबर पेरू किंवा आवळा खाल्लात तर आणखी छान, कारण त्यातलं 'क' जीवनसत्त्व शरीराला लोह घ्यायला मदत करतं.

लाडू वाटण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. कुणाला तीळ किंवा शेंगदाणे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं का, धाप लागते का? तसं असेल तर त्याला लाडू देऊ नका. आणि आजी-आजोबांना मधुमेह असेल तर त्यांना लाडवाचा तुकडाच द्या, गोड शब्द मात्र भरपूर द्या!

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम. २५ लाडवांतले दहा वेगळे काढा. हे आहेत तुमच्या वर्गातल्या त्या गैरहजर दोस्तासाठी. लांब पाठवायच्या लाडवांत खोबरं घालू नका, ते लवकर खवट होतं. त्याऐवजी तेवढंच फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ घाला. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात हे लाडू आठवडाभर सहज टिकतात. गावातून कुणी ना कुणी फडावर जात-येत असतं, त्यांच्याकडे डबा द्या.

आणि डब्यात एक चिठ्ठीही ठेवा. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' तर लिहाच, पण त्याखाली लिहा : गणिताचा कुठला धडा चालू आहे, मराठीची कुठली कविता झाली, इंग्रजीत कुठवर आलो. जमलं तर वहीची दोन पानं उतरवून पाठवा. तुमचा दोस्त पाडव्याला परत येईल तेव्हा परीक्षा अगदी जवळ आलेली असेल. फळ्यावरचं काहीच कळत नाही म्हणून शाळेला जावंसं न वाटणं आणि मग शाळाच सुटणं, असं बऱ्याच मुलांचं होतं. तुमच्या दोन पानांनी त्याचा धागा तुटायचा राहील.

आणि तू हे कोपीत बसून वाचत असशील, तर तुझ्यासाठीही एक काम आहे. उत्तराची चिठ्ठी त्याच डब्यातून परत पाठव. ऊस तोडल्यापासून कारखान्यात पोहोचेपर्यंत काय काय होतं, ते लिही. आमच्या पुस्तकात ते इतकं नीट दिलेलं नाही आणि तू तर ते रोज पाहतोस.

मग, करणार ना लाडू? किती वळले, किती फुटले आणि डबा कुठवर पोहोचला, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई