आजारी सापाला दूध नको, उपचार हवेत

आमच्या मुलुंड पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागूनच आहे. पावसाळ्यात साप दिसणे नवे नाही. गेल्या श्रावणात आमच्या जिन्याखाली एक धामण निपचित पडली होती. मीच दुधाची वाटी पुढे केली, हे कबूल करतो. शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, बरी होईपर्यंत खोक्यात ठेवू या."

वाचकहो, आम्ही दोघेही चुकत होतो. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला तहानलेला नाग ते पाणी म्हणून पितो. फुप्फुसात गेले तर प्राणास मुकतो. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आपल्याकडचे रानातले साप घरात ठेवणे गुन्हा आहे, हेतू दयेचा असला तरी.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, तोंडातून फेस, उताणे पडून सुलटे न होणे, उघडी जखम, जाळीत अडकणे ही धोक्याची लक्षणे. अशा वेळी हात लावू नये, पाणी पाजू नये. मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवून वन विभागाला १९२६ वर कळवावे. निपचित साप मेलेलाच असेल असे नाही. मेलेल्याचे तोंडही चावू शकते. कोणाला चावलाच, तर चिरा व आवळपट्टी टाळून १०८ बोलवावी.

धामणीच्या अंगात नायलॉनची जाळी रुतली होती. जाणकारांनी ती कापली, म्हणून ती वाचली. दयेला माहितीची जोड हवी, एवढेच माझे सांगणे.