शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने

हृदयावरील शस्त्रक्रिया ही विजयदुर्गासारख्या किनाऱ्यावरील गावालाही आता केवळ ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे मोठ्या शस्त्रक्रियांची दारे सामान्य कुटुंबांना खुली झाली. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या सर्वच नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण देण्यात आले. वृद्ध रुग्ण बांबोळीहून, कोल्हापूरहून वा मुंबईहून बायपास करून घरी परततो. त्याच्या प्राणांची चिंता शास्त्राने वाहिली, खर्चाची शासनाने. त्याच्या गेलेल्या बळाची चिंता मात्र कोणीच वाहत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

घरी परतल्यावर काय घडते? पडवीत खाट मांडली जाते. पाण्याचा तांब्यादेखील हातात आणून दिला जातो. पथ्य म्हणून दोन वेळा पेज पुढे येते आणि ‘हालचाल नको’ हा मंत्र घरातील प्रत्येक जण जपतो. यामागील माया निःसंशय खरी आहे. तथापि हीच माया रुग्णाला अपंग करते.

या समजुतीबद्दल केवळ खेड्यातील माणसांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकशास्त्रही हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे निजवूनच ठेवीत असे. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा या प्रथेला तडा गेला. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्यांचीच पुन्हा तपासणी झाली तेव्हा दिसून आले, की शरीराची श्रमशक्ती तीस वर्षांच्या वयोमानाने घटली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने घटली होती. विशीतील देहाची ही कथा. मग सत्तरीतील, त्यातही शस्त्रक्रियेने शिणलेल्या देहाचे काय होत असेल?

वस्तुतः बळ परत मिळविण्याचा मार्ग गूढ नाही. दुभंगलेले छातीचे हाड सांधण्यास साधारणतः दोन ते तीन महिने लागतात. तोवर विहिरीचे पाणी ओढणे, जड ओझे उचलणे वर्ज्यच. परंतु चालणे वर्ज्य नाही. प्रथम खळ्यातल्या खळ्यात पाच मिनिटे, मग बंदरालगतच्या सपाट वाटेने थोडे अधिक, आणि पुष्कळ दिवसांनी जांभ्या दगडाच्या पाखाडीचा चढ, असा हा क्रम असावा. चालताना बोलता यावे, एवढीच गती राखावी. पावसाळ्यात पडवीतील येरझाऱ्याही पुरतात. झिजलेले स्नायू भरण्यास नुसती पेज अपुरी पडते. बेताच्या तेलातले ताजे मासे, कुळीथ, अंडे यांची जोड हवी. खारवलेली सुकी मासळी मात्र दूर ठेवावी. अर्थात प्रत्येकाचे हृदय सारखे नसते. किती चालावे हे डॉक्टरांनीच ठरवावे, आणि छातीत कळ, धाप, भोवळ वा पायांवर सूज येताच त्यांना गाठावे.

खरी अडचण येथेच आहे. हे ठरवून देणारा आणि पुढे पाहणारा माणूस गावात नसतो. शस्त्रक्रियेचे रुग्णालय दूर, मुलगे मुंबईला. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर उतरली. कर्ती माणसे पोटासाठी बाहेर पडतात आणि मागे राहतात ते वृद्ध. अशा घरात वृद्ध पती खाटेवर आणि वृद्ध पत्नी त्याच्या सेवेत, म्हणजे एका आजाराने दोन माणसे बांधली जातात. भीती आणि खिन्नता यांचे ओझे निराळेच.

यावर उपाय महागडा नाही. १२ आठवड्यांच्या योगाधारित पुनर्वसनाचा प्रयोग भारतातील २४ केंद्रांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर करण्यात आला. २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यू वा नव्या झटक्यांचे प्रमाण त्याने निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटू लागली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने वळले, असे आढळले. त्यासाठी अवजड यंत्रांची गरज पडली नाही. गरज होती ती शिकविणाऱ्या माणसांची. रुग्णालयाने घरी सोडताना मराठीत लिहिलेला चालण्याचा क्रम हाती द्यावा, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा, आशा सेविकेने पहिले तीन महिने घरी जाऊन नाडी, रक्तदाब आणि चालणे पाहावे, आणि या पाठपुराव्याचा खर्च शस्त्रक्रियेच्याच मंजुरीत धरावा, एवढे शासनाला अशक्य नाही.

शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्चून वाचविलेला माणूस काही हजारांच्या देखरेखीअभावी खाटेला खिळणार असेल, तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, याचा निवाडा रुग्णालयाच्या दारात होत नाही. तो गृहस्थ स्वतःच्या पायांनी पाखाडी चढून पुन्हा आपल्या घरी पोहोचतो, त्या दिवशी तो होतो.