धक्का कुणाच्या वाट्याला?

दिवाळी अंकात मोटारीच्या शॉकअपवर लिहिणाऱ्या कादंबरीकाराला वाचक काय म्हणतील, ह्याची मला कल्पना आहे. चकली-करंजीच्या ताटात हा तेलकट लोखंडी जिन्नस कशाला, असे कुणीही विचारील. पण दसऱ्याला झेंडूचे हार घालून ज्या गाड्या आमच्या जाफराबादेत मिरवल्या, त्यांच्याच पोटाखाली आमच्या गावचा एक मोठा वाद दडलेला आहे. तेव्हा फराळ चालू ठेवून ऐकावे.

आमचे गाव केळना आणि पूर्णा ह्या नद्यांच्या संगमावर वसलेले. भोवती काळी, कसदार जमीन. ही जमीन कपाशीची आई, पण रस्त्याची सावत्र आई! पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. खाली मुरमाचा भक्कम थर आणि कडेला पाणी वाहून नेणारे चर नसतील, तर वरचे डांबर कितीही काळेभोर असो, थोड्याच पावसाळ्यांत त्याच्या लाटा होतात. असल्याच एका रस्त्याने आमच्या शाळेतले निम्मे शिक्षक रोज ये-जा करतात.

पूर्वी आम्ही सगळे एस. टी.ने येत असू. आदळआपट सर्वांची सारखीच होई. त्यामुळे रस्त्याविषयी अर्ज लिहिला, की मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या सह्या मधल्या सुट्टीत पुऱ्या होत. पुढे एकेकाने मोटार घेतली. कुणी महागडे शॉकअप बसवले, कुणी स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर घातले. आणि स्टाफरूममधल्या चर्चेचा विषय रस्ता न राहता ‘तुम्ही कुठले बसवले?’ हा झाला. यंदा अर्ज निघाला तेव्हा एक सहकारी हसत म्हणाले, “सर, रस्ते काही सुधारत नसतात. आपण आपली गाडी सुधारावी.”

हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते. मला ते घातक वाटते. आणि नुसत्या यंत्राच्या दृष्टीने पाहिले तरी ते खोटे आहे.

पदार्थविज्ञान मी मॅट्रिकपुरतेच शिकलो. पण एवढ्या कामाला तेवढे पुरते. गाडीचा भार तोलते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यातून गेले की ती दबते आणि पुन्हा उसळते. तिला एकटी सोडली तर गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. तो झोका मोडणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. तेल त्यांतून रेटले जाते आणि उसळीची शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे धक्का नाहीसा होत नाही, फक्त रूप बदलतो. खड्डा मात्र जिथल्या तिथे राहतो.

शिवाय ह्या यंत्राचे पहिले काम बसणाऱ्याचे लाड करणे हे नव्हेच. चाक जमिनीला टेकलेले ठेवणे, हे आहे. हवेत उडालेल्या चाकाला ना ब्रेक उपयोगी पडतो, ना वळण घेता येते. म्हणून झिजलेला शॉकअप बदललाच पाहिजे. तेल पाझरते का, टायर जागोजागी खवल्यांसारखा झिजतो का, गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती डोलतच राहते का, हे पाहावे. बदलताना एका आसावरची जोडी बदलावी, बुशही तपासावेत. नायट्रोजन भरलेले घेतले तर सततच्या हादऱ्यांनी तेलाचा फेस होत नाही आणि पकड टिकते. ते पैसे सार्थकी लागतात. पण जितका ताठ तितका चांगला, हा निव्वळ भ्रम आहे. फाजील ताठ शॉकअप असला की बारीक खडबडीवरही चाक टणाटण उडते. रबरी बफरने स्प्रिंगची काही वेटोळी बांधली जातात, ती ताठ होते आणि जुन्या शॉकअपला आवरेनाशी होते. गाडी चार बोटे उंच दिसते, एवढाच काय तो लाभ!

आणि उडालेले चाक परत आदळते ते कशावर? रस्त्यावरच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० ह्या काळात रस्त्यांवर भरलेले ट्रक फिरवून मोठी चाचणी घेतली गेली. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते, असा ठोकताळा तीतून निघाला. तुमची-माझी मोटार ह्या हिशेबात किरकोळ आहे. पण बाद झालेल्या शॉकअपांचा भरलेला ट्रक एकाच जागी आदळत राहिला, की खड्डा खोल होणारच. खराब रस्ता शॉकअप खातो आणि खराब शॉकअप रस्ता खातो. मग ‘आपली गाडी’ आणि ‘सरकारचा रस्ता’ हे दोन वेगळे संसार आहेत, असे कसे म्हणता येईल?

आता स्वतःचे सांगतो. यंदा माझीही गाडी डोलू लागली. मिस्त्रीने ती त्या रस्त्यावरून फिरवून आणली आणि म्हणाला, “सर, चारी शॉकअपांना हात लावून बघा.” तीन कोमट लागले, एक गार. “गार आहे तो मेला,” मिस्त्री म्हणाला. “काम करणारा गरम होतो.”

नवी जोडी येईपर्यंत आठ दिवस मी एस. टी.ने गेलो. जागा मिळाली ती अगदी मागच्या बाकावर. मागच्या चाकांच्याही पलीकडचे ते बाक. खड्ड्याचा मार तिथे सर्वांत जास्त बसतो. शेजारी आमच्या आठवीतली एक मुलगी मांडीवर वही घेऊन गृहपाठ लिहीत होती. घरी पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडे. लिहायला वेळ मिळतो तो बसमध्येच. त्याच वहीतल्या वाकड्या अक्षरावर मी जूनपासून लाल शेरे मारीत आलो होतो. एकाएकी तिने पेन उचलले आणि म्हणाली, “सर, समोरचा दांडा धरा. आता मोठा खड्डा आहे.” तिला तो सारा रस्ता तोंडपाठ होता. मी त्याच रस्त्याने वर्षानुवर्षे जातो. मला तो आठवतही नव्हता.

रस्त्याचा अर्ज तेव्हा माझ्याच खणात पडून होता. सही करतो म्हणून मी तो ठेवून घेतला होता आणि विसरलो होतो. चौघांपैकी गार कोण होता, हे सांगायला मला मिस्त्री नको होता.

साधने नाहीत, असेही कुणी म्हणू नये. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे शॉकअपचे कारखाने चाकण-नाशिककडे आहेत. दुचाकींचे शॉकअप तर आमच्या मराठवाड्यातच, वाळूजला, एन्ड्युरन्स कंपनीत तयार होतात. धक्का पचवणारे यंत्र महाराष्ट्र बनवतो. तोच महाराष्ट्र धक्का न देणारा रस्ताही बांधू शकतो. मात्र तो मागणाऱ्यांनी मागणे सोडता कामा नये. ज्यांच्या शब्दाला वजन आहे, तेच गाडीत गुबगुबीत बसून गप्प झाले, तर उरलेला सगळा धक्का मागच्या बाकावर जातो.

तेव्हा ह्या पाडव्याला गाडीला चांगले शॉकअप अवश्य बसवा. मीही बसवले आहेत. फक्त मिस्त्रीला पैसे देऊन झाले, की त्याच दिवशी रस्त्याच्या अर्जावर सही करा. आमचा अर्ज सध्या स्टाफरूमच्या टेबलावर आहे. त्याच्याजवळ पेनही ठेवले आहे.