‘परवडणारे’ या विशेषणाची किंमत

विशेषण नामाचा गुण सांगते, असे आपण वर्गात शिकवतो. सिडकोच्या घरांमागे लावलेले ‘परवडणारे’ हे विशेषण मात्र सांगण्यापेक्षा लपवतेच अधिक. परवडणारे, पण कोणाला?

रेल्वे स्थानकांभोवती घरे आणि दुकाने बांधण्यास आमचा विरोध नाही. ती तिथेच हवीत. नवी मुंबईतील उपनगरी लोहमार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, आणि सिडकोचे भांडवल म्हणजे शेतकऱ्यांकडून संपादित झालेली जमीन. तेव्हा स्थानकामुळे वाढलेले जमिनीचे मोल हे सार्वजनिक धन ठरते.

ते कोणाच्या पदरात पडते? बामणडोंगरीला २०१८ मध्ये लोकल पोहोचली. तेथील दुर्बल घटकांसाठीच्या घराची किंमत निघाली सुमारे ३५ लाख. अर्जदाराच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख. म्हणजे जवळजवळ बारा वर्षे उपाशी राहिले की घर हाती! अनुदान होते, ते अडीच लाखांचे. ओरड झाल्यावर २०२३ मध्ये किंमत सुमारे ६ लाखांनी उतरली आणि त्याच वर्षी उत्पन्नमर्यादा ६ लाखांवर गेली. घर गरिबाच्या आवाक्यात येईना, तेव्हा गरिबाची व्याख्याच ताणली.

वाशीमसारख्या जिल्ह्यातून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्याला विकत घर नको, स्थानकाजवळ भाड्याची खोली हवी. ती बांधा. तोवर निदान ते विशेषण तरी खोडा.