दुसरी चावी

विक्रोळीच्या माणसाला कुलपाचे महत्त्व सांगायला जाऊ नये. १८९७ साली लालबागला कुलपांपासून सुरू झालेला गोदरेजचा उद्योग पुढे इथे आला आणि इथल्या कित्येक घरांची चूल कुलपे, तिजोऱ्या आणि लोखंडी कपाटे यांच्यावरच पेटली. कन्नमवार नगर काय, टागोर नगर काय, म्हाडाच्या जुन्या खोलीतून टॉवरमधल्या नव्या फ्लॅटमध्ये जाताना आधी कपाट जाते, बाकी सामान मागाहून. अशा या गावात हल्ली संध्याकाळच्या वेळी घरोघर एक विचित्र प्रकार चालतो. फोन वाजतो. पलीकडे न्यू जर्सीतली मुलगी नाहीतर दुबईतला मुलगा. "बाबा, मेसेज आलाय बघा. सहा आकडे वाचा पटकन." बाबा चष्मा शोधतात, आकडे वाचतात, पलीकडून "झालं!" असे येते, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी मिक्सरचे खोके हजर होते. शेजारीपाजारी कौतुक करतात. करावेच. पण या कौतुकात आपण काय हातचे घालवतो आहोत, ते कोणी पाहत नाही.

याची सुरुवात कशी होते हे बँकेच्या काउंटरमागे उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माणसाला तोंडपाठ असते. मुलगा परदेशी निघाला की बॅगांचे वजन दहा वेळा होते. बँकेत मात्र कोणी फिरकत नाही. इथले बचत खाते तसेच चालू राहते. कार्ड पाकिटातून त्याच्याबरोबर जाते आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड बाबांच्या जुन्या हँडसेटमध्ये, टीव्हीशेजारी, चार्जिंगला लावलेले राहते. कार्ड एका खंडात आणि त्याची खूण दुसऱ्या खंडात. काही मागवायचे झाले की दोघांची गाठ फोनवर घालून द्यावी लागते. आणि मागवलेली वस्तू बहुधा आईबाबांसाठीच असते. गुडघ्याचा पट्टा, रक्तदाबाचे यंत्र, वाढदिवसाचा केक. अशा कामात नियम कोण काढून बसणार?

रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरच्या कार्डखरेदीला, कार्डावर छापलेल्या आकड्यांखेरीज, आणखी एक खातरजमा सक्तीची केली. युरोपात अशी सर्वसाधारण सक्ती यायला २०१९ उजाडले. बँकेतल्या माणसाला ही कल्पना नवी नव्हती. शाखेच्या तिजोरीला दोन चाव्या असत. एक हेड कॅशिअरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे समोरासमोर उभे राहिल्याशिवाय दार उघडत नसे. हेड कॅशिअर कितीही सज्जन असो, घरी कितीही मोठी अडचण असो, त्याला आपली चावी अधिकाऱ्याच्या हातात टाकून घरी जाता येत नसे. तिसरा माणूस नेमून, रजिस्टरमध्ये लिहून, सह्या करूनच ती हलायची. दोन्ही चाव्या एका खिशात सापडल्या तर तिजोरीतली पै न् पै जागेवर असली तरी चौकशी लागे. त्यात कोणाच्या चारित्र्यावर शंका नसायची. दोन चाव्यांचा नियम प्रामाणिक माणसांसाठीच केलेला असतो. अप्रामाणिक माणूस नियमाची वाट कुठे पाहतो?

ओटीपी ही ती दुसरी चावी. रोज उठून ती फोनवरून सातासमुद्रापार पाठवली जाते.

मुलगी आपलीच, मग बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. त्या एका खरेदीत काही बिघडत नाही. पण हल्लीच्या भामट्याला संगणकात घुसायचे कष्ट क्वचितच घ्यावे लागतात. त्याला हवी असते एक सवय, आणि ती आपल्या गुणी मुलांनी आधीच लावून ठेवलेली असते. जो माणूस आठवड्यातून दोनदा फोनवर आकडे वाचून दाखवतो, त्याला तिसऱ्या फोनच्या वेळी "थांब" असे आतून कोण सांगणार? ओटीपीचा संदेश नीट वाचला तर त्यात बहुधा रक्कम असते, दुकानाचे नाव असते आणि हा आकडा कोणालाही सांगू नका अशी सूचनाही असते. पण "पटकन वाचा" म्हटले की नजर थेट त्या सहा आकड्यांवर जाते. पुढे मागे काय लिहिले आहे ते वाचायचे असते, हेच विसरायला होते.

आणि तो तिसरा फोन पुष्कळदा पार्सलाचाच असतो. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्या घरी कसली ना कसली वाट पाहणे चालूच असते. तिकडून काही यायचे असते, इकडून काही जायचे असते. भामट्याला एवढे पुरते. २०२५ सालचीच गोष्ट घ्या. ८०० डॉलरपर्यंतच्या परदेशी पार्सलांना असलेली करमाफी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून बंद केली. आपल्या टपाल खात्याला अमेरिकेची पार्सले थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा. चकल्या-अनारशांचे डबे घेऊन लोक चौकशा करत होते. अशा दिवसांत "तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, एवढी रक्कम भरा, आलेला आकडा सांगा" असा फोन आला तर तो खोटा वाटेल कसा? त्याच फोनचा पुढचा अवतार म्हणजे पार्सलात अमली पदार्थ सापडल्याची धमकी आणि 'डिजिटल अटक'. अशी अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. सीमाशुल्क कुणा माणसाच्या खासगी खात्यात भरायचे नसते. नोव्हेंबर २०१९ पासून सीमाशुल्क खात्याच्या पत्रांवर एक ओळखक्रमांक असतो आणि तो खात्याच्याच संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांक मागावा. बरेच आवाज तिथेच बंद पडतात.

मुलांना हा धोका का दिसत नाही, याचेही कारण आहे. ती जिथे राहतात तिथे कायद्याने ग्राहकाला बरेच सांभाळून घेतले आहे. अमेरिकेत क्रेडिट कार्डाचा चोरून वापर झाला तर ग्राहकावर कायद्याने फार तर ५० डॉलरचा भार येतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने १०० पौंडांहून अधिक आणि ३० हजार पौंडांपर्यंतच्या किमतीची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि दुकानदाराने फसवले, तर कार्ड देणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरता येते. तिकडे खरेदी करणाऱ्या आपल्या मुलांनी अनोळखी दुकानात डेबिट कार्ड न वापरता क्रेडिट कार्ड वापरावे, ते यासाठी. पण तिकडे कार्डाचे आकडे टाकले की बऱ्याचदा काम होते, त्यामुळे इथला ओटीपी त्यांना सरकारी कटकट वाटतो आणि ती कटकट ते बाबांकडून उरकून घेतात.

इथला हिशेब वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची बाजू चांगली घेतलेली आहे. बाहेरच्या कोणी घोटाळा केला, त्यात ग्राहकाची चूक नाही आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत त्याने कळवले, तर त्याच्यावर काहीच भार नाही. पण ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. आता विचार करा. खाते मुलाचे, आकडा सांगितला वडिलांनी, मुलगा आठ-दहा तास मागच्या घड्याळात झोपलेला. कळवणार कोण, आणि कधी? बँकेच्या दृष्टीने वडील तर त्या खात्याचे कोणीच नाहीत.

म्हणून पहिले काम बँकेत. मुलगा अनिवासी झाला की त्याचे इथले साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते, तसा परकीय चलनाचा कायदाच आहे. ते करतानाच त्याचा परदेशातला मोबाइल क्रमांक आणि ईमेल खात्याला जोडता येतो का ते विचारावे. अनेक बँकांत येतो. अनिवासींच्या काही देशांतल्या क्रमांकांवर यूपीआय चालवायला २०२३ पासून परवानगी आहे. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिराती, ऑस्ट्रेलिया त्यात आहेत. टीव्हीशेजारच्या त्या सिमकार्डावर तर मुळीच विसंबू नये. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरात नसला तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो. मग दुसरी चावी कुणा अनोळखी माणसाच्या खिशात! आणि ज्या कार्डाचा इंटरनेटवर उपयोग नाही, त्याची ती सोय बंदच ठेवावी. कार्ड असे चालू-बंद करण्याची मुभा २०२० पासून ग्राहकाला आहे.

दुसरा उपाय मला अधिक आवडतो. मुलाने पैसे पाठवावेत आणि खरेदी बाबांनी करावी. त्यांच्याच नावाचे एक वेगळे खाते, त्यात पाच-दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम नाही, त्याचेच कार्ड, आकडा त्यांच्याच फोनवर आणि टाकणारे बोटही त्यांचेच. सुरुवातीला दोन वेळा चुकेल, एखादा सदरा भलत्याच मापाचा येईल. येऊ दे, परत करता येतो. आयुष्यभर कारखान्यात थाउ-थाउचे माप साधणाऱ्या माणसाला मोबाइलवर रक्तदाबाचे यंत्र मागवता येणार नाही, असे मुलांनी परस्पर ठरवून टाकले आहे. आईबाप म्हणजे नुसता पार्सल पोचवायचा पत्ता नव्हे. (कित्येक बाबांनाही ही व्यवस्था सोयीची वाटते, कारण निदान त्या निमित्ताने तरी मुलगी फोन करते. त्यावरचा उपाय बँकेत मिळत नाही.)

एवढे करूनही पैसे गेलेच, तर मुलाची सकाळ होण्याची वाट पाहू नये. खाते आपले असेल तर आधी बँकेच्या कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करावे, मग १९३० ला कळवावे. खाते मुलाचे असेल तर त्याला झोपेतून उठवून हेच करायला सांगावे आणि १९३० चा फोन आपण इथून लावावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात तोवरच ते अडवता येतात, त्यामुळे इथे मिनिटे मोजायची. तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. संदेश पुसले जातात. बँकेला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही, वकील लागत नाही. मात्र तक्रार खातेदाराच्या नावाने जायला हवी. खाते मुलाचे असेल तर त्याच्या सहीचे अधिकारपत्र आजच मागवून, त्या गोदरेजच्या कपाटात ठेवून द्यावे.