प्रकल्पाची कसोटी प्रस्तावातच ठरावी



तंत्रनिकेतनांतील पदविका अभ्यासक्रमात पाचव्या सत्रात प्रकल्पाची पूर्वतयारी आणि सहाव्या सत्रात उभारणी अपेक्षित असते. तथापि पूर्वतयारीचे हे सत्र बरेचदा विषयाचे नाव ठरवून बाजारातला तयार संच मागवण्यातच सरते. प्रकल्प फसतो तो इथेच.

तळेगाव (श्यामजी पंत) परिसरातील संत्राबागांसाठी सहज सुचणारा ‘स्वयंचलित सिंचन’ हा विषय या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मातीतील ओलावा मोजणारा सेन्सर जमीन सुकल्याचे कळवतो आणि यंत्र पंप सुरू करते, अशी त्याची रचना असते. परंतु आंबिया बहारासाठी हिवाळ्यात संत्र्याला ताण द्यावा लागतो, म्हणजे झाडाची वाढ थांबून पुढे फुलोरा यावा यासाठी पाणी मुद्दाम बंद ठेवावे लागते; त्या काळात कोरडी माती पाहून पाणी सोडणारे यंत्र प्रयोगशाळेत यशस्वी ठरले, तरी बागेत बहार घालवणारेच ठरेल. शिवाय कृषिपंपाची थ्री-फेज वीज चोवीस तास नसून ठरावीक वेळेतच येत असल्याने, सेन्सरने सांगितले तरी पंप त्या क्षणी सुरू होईलच असे नाही. या दोन्ही गोष्टी एखाद्या बागाईतदाराशी तासभर बोलल्यास कळतात, पण प्रस्तावाच्या नमुन्यात अशा वापरणाऱ्याच्या म्हणण्यासाठी रकानाच नसतो.

विद्यार्थ्यांनी शिकावे एवढाच हेतू असून उपयुक्ततेचा आग्रह गैरलागू आहे, असा आक्षेप घेतला जातो; मात्र गरज नेमकी मांडणे हाच अभियांत्रिकीतील पहिला धडा आहे. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत सोळा हजार फूट सूत, वीस वर्षांचे आयुष्य आणि स्त्रीला फारसा शीण न होता चालवता येण्याची सोय, अशा अटी आधीच घातल्या होत्या. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, परंतु यंत्र कुठे उणे पडले हे त्या अटींमुळेच सांगता येत होते.

म्हणून प्रत्येक प्रस्तावात वापरणारा कोण, खर्चाची मर्यादा किती आणि कोणत्या चाचणीत प्रकल्प नापास मानावा, हे लिहिणे सक्तीचे करावे, त्यावर वापरणाऱ्याचा अभिप्राय घ्यावा आणि ठरलेल्या चाचणीत प्रकल्प अपयशी ठरल्यास त्याची कारणे प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या गटाचे गुण कापू नयेत.

— एक वाचक, तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा